बॉनेटखाली : बिलात चार प्लग, इंजिनात तीन

प्रश्न : नमस्कार सर. माझ्या बाबांची १९९७ ची मारुती ८०० आमच्याकडे आहे, कार्ब्युरेटरची, एमएच-०४ पासिंगची. २०२२ मध्ये बाबांनीच धावपळ करून तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी विकायला आईचं मन होत नाही आणि माझंही. हल्ली सकाळी तीन-चार सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नाही, सिग्नलला उभी असताना थरथरते आणि पाम बीच रोडवर साठच्या पुढे ओढतच नाही. गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी प्लग बदलल्याचं बिल दिलं, त्यात प्लग चार लिहिलेत. थरथर होती तशीच आहे. आता मला प्लग स्वतः बदलायचे आहेत. मी आजवर पाना हातात धरलेला नाही. बाबा रविवारी हे काम करायचे तेव्हा मी टॉर्च धरून उभी असायचे, एवढाच माझा अनुभव. मला जमेल का?
*— एक वाचक, नेरूळ*

उत्तर : ताई, जमेल. पण आधी बॉनेट उघडून मोजा. तुमच्या गाडीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, म्हणजे प्लग तीनच. प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून, ज्याला जुने मेकॅनिक डेल्को म्हणतात त्यातून, जाड वायरी मात्र चार निघतात. तीन प्लगांकडे जातात आणि मधली कॉइलकडून, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडून, येते. बिल लिहिणाऱ्यानं वायरी मोजल्या की काय झालं, ते मी इथे ठाण्यात बसून सांगू शकत नाही. पण चौथा प्लग लागायला त्या इंजिनात जागाच नाही, हे त्यांच्यासमोर बिल धरून नक्की सांगा. आणि इथून पुढे कोणत्याही गॅरेजमध्ये बदललेला भाग परत मागा. प्लग तर मागाच, कारण जुना प्लग हा त्या सिलिंडरचा रिपोर्ट असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

तीन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग धड पेटत नसेल तर तिसरा हिस्सा ताकद गेली. साठच्या पुढे न ओढणं आणि सिग्नलला थरथरणं या दोन्ही तक्रारी त्यातून येऊ शकतात. चार स्ट्रोकचं इंजिन म्हणजे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लगची एक ठिणगी. मिनिटाला २००० फेरे धरले तरी प्लग मिनिटाला हजार वेळा पेटतो. नेरूळहून ठाण्याला चाळीस मिनिटांत आलात तर चाळीस हजार वेळा. त्यानं इलेक्ट्रोडच्या, म्हणजे प्लगच्या ज्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते त्यांच्या, धारदार कडा झिजून गोल होतात, मधलं अंतर वाढतं, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कोरड्या दिवसांत कॉइल ते कसंबसं पुरवते. खाडीकडून दमट हवा आली की तेच व्होल्टेज जुन्या वायरीच्या भेगेतून किंवा डेल्कोच्या टोपीतून दुसरीकडे पळतं आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. साध्या निकेलच्या प्लगचं आयुष्य २० ते ३० हजार किलोमीटर धरा. तुमची गाडी वर्षाला कदाचित दोन हजारही चालत नसेल, पण थंड इंजिनावर चोक ओढून जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे प्लग काजळीनं आधीच बाद होतात.

सामान फार लागत नाही. प्लग पाना, तोही आतमध्ये रबर असलेला, म्हणजे प्लग धरून राहतो आणि पडत नाही. फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायचं साधन. हवा मारायला सायकलचा पंप. वीतभर रबरी पेट्रोल पाइप, जो प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर घट्ट बसेल. आणि तीन प्लग. ते आणायला जाताना गाडीचं मॅन्युअल पाहून नंबर लिहून घ्या आणि दुकानात जुना नमुना शेजारी धरून आट्यांची लांबी जुळते का ते पाहा. आखूड प्लगची ठिणगी आतपर्यंत पोहोचत नाही, लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. नंबरात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर दुकानदार 'चालतं' म्हणेल. घेऊ नका. त्यातला एक आकडा प्लग किती गरम राहतो ते सांगतो, आणि एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. (आमच्या नौपाड्यात अजूनही लोक 'मायकोचा प्लग' मागतात. मायको म्हणजे १९५१ ची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून तिचंच नाव बॉश लिमिटेड झालं. दुकानदार गोंधळला तर हे सांगा.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम थंड इंजिनावर करायचं. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी सुरू करण्याआधी, किल्ली काढून.

हे मी इतक्या आग्रहानं का सांगतो? सरकारी आयटीआयमध्ये मी २८ वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. मुलांना पहिल्या आठवड्यात सांगायचो की सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गरम हेडमधून प्लग ओढला तर आटे घेऊन बाहेर येतो. आणि १९९९ च्या मे महिन्यात मी स्वतःच्या झेनवर तेच केलं. घोडबंदरहून परत आलो होतो, गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटत नव्हता, संध्याकाळी लग्नाला जायचं होतं, वाट पाहायला वेळ नव्हता. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग पहिल्यांदा कडक आला, मग अचानक सैल झाला. त्या सैल होण्यात काहीतरी चुकलं हे हाताला लगेच कळलं. प्लगच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती. हेड उतरवून वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे नेलं, त्यानं भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवलं, नवं हेड गॅस्केट लागलं. चार दिवस गाडी उभी, आणि लग्नाला आम्ही रिक्षानं गेलो. माझी घाई सोडून दुसरं काहीही कारण नव्हतं. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना प्लग खोलायला देण्याआधी हेडवर तळहात ठेवायला सांगायचो. तळहात आरामात ठेवता आला तरच पाना उचलायचा.

तर थंड इंजिन. एका वेळी एकच प्लग. तीनही वायरी एकदम काढू नका. या इंजिनात सिलिंडर १-३-२ या क्रमानं पेटतात आणि वायरी उलटसुलट बसल्या तर गाडी नुसती फटके मारेल. वायर ओढायची ती प्लगवरच्या रबरी टोपीला धरून, थोडी पिळून. तार धरून ओढलीत तर आतला कार्बनचा धागा तुटतो, बाहेरून काही दिसत नाही आणि नवे प्लग घालूनही गाडी मिसिंगच मारते. वायर निघाली की प्लगच्या भोवतालच्या खळग्यात पंपानं हवा मारा. तिथे साचलेली वाळू प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडते, आणि पाम बीचला उभ्या असणाऱ्या गाडीच्या खळग्यात वाळू असतेच. मग पाना सरळ बसवून डावीकडे फिरवा. सुरुवातीला एकदा 'टक्' होतं, पुढे बोटांनी फिरतो.

नव्या प्लगचा गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, फिलर गेजनं तपासा, डब्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी. कार्ब्युरेटरच्या ८०० ला साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच खरा. कमी-जास्त करायचा तर बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोडच हलका वाकवायचा, मधल्याला टेकू द्यायचा नाही. प्लग हातातून फरशीवर पडला तर तो वापरू नका. चिनी मातीला केसाएवढी भेग गेलेली दिसत नाही, आणि ठिणगी तिथूनच पळते. प्लगवर पेन्सिलीनं खूणही करू नका, शिसं वीज वाहून नेतं.

बसवताना पाना लांब ठेवा. रबरी पाइपच्या तोंडात प्लग खोचा आणि पाइप दोन बोटांत धरून प्लग भोकात टेकवा. आधी डावीकडे हळूच फिरवा. आट्याची सुरुवात सापडली की प्लग किंचित खाली बसल्यासारखा वाटतो. तिथून उजवीकडे. सरळ गेला तर पाइपनंच पाच-सहा फेरे सहज बसतात. तिरका गेला तर पाइप प्लगवरून घसरतो आणि आटे वाचतात. पाना तिरका प्लगही ताकदीनं आत घालतो, म्हणून सुरुवात पान्यानं कधीच नाही. हातानं पूर्ण बसल्यावर मात्र पाना लावा आणि नव्या वायसरच्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्या. मिनिटकाट्यानं सांगायचं तर तीस ते चाळीस मिनिटं. तोच प्लग पुढे कधी काढून परत बसवलात तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा पाच मिनिटं पुरतात. टॉर्क पाना मिळाला तर १४ मिलिमीटरच्या अशा प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसनं पाना हलका लागतो आणि तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

तुम्ही टॉर्च धरून उभ्या असायच्या, म्हणजे बाबांचा हात कुठे थांबायचा हे तुम्ही पाहिलेलं आहे. तेवढाच जोर. बहुतेकांच्या हातून चूक होते ती जास्त आवळण्याची.

आता जुने प्लग. जुन्या वर्तमानपत्रावर १, २, ३ लिहून ज्या सिलिंडरचा प्लग त्या आकड्यावर ठेवा आणि उजेडात पाहा. टोकाची माती चहाच्या दुधाळ रंगाची, फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. चोक पूर्ण परत जातो का आणि एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा. ओली, चकचकीत काळी असेल तर ऑइल वर येतंय. ओली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही. पांढरीफटक आणि फोडासारखे दाणे असतील तर तो सिलिंडर जास्त तापतोय, हवा जास्त शिरतेय किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर कार्ब्युरेटरची गाडी मुळातच थोडी हवेकडे झुकते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे रंग पूर्वीपेक्षा फिकट दिसला तर एवढ्यानं घाबरू नका. मात्र त्याच दिवशी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बोटांनी दाबून पाहा. चिकट किंवा चिरलेले असतील तर प्लगाच्याही आधी ते बदला.

तीनही प्लग सारख्याच रंगाचे निघाले तर कारण कार्ब्युरेटरसारखं सगळ्यांना समान आहे. एकच वेगळा निघाला तर दुखणं त्या एका सिलिंडरचं. आणि तिन्ही प्लग जुने, कडा गोल झालेले निघाले, तर गॅरेजनं ते बदललेच नव्हते. बिलाबरोबर तेही घेऊन जा.

प्लग खरोखरच नवे असतील आणि थरथर तरीही राहिली, तर वायरी पाहायच्या. रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून, इंजिन सुरू ठेवून, हात न लावता बॉनेटमध्ये बघा. वायरींच्या बाजूनं निळ्या रेघा चमकताना दिसल्या तर वायरींचा संच बदला. वायरींत हजारो व्होल्ट असतात, इंजिन सुरू असताना बोट नको. डेल्कोची टोपी इंजिन बंद करून काढा आणि आतून पाहा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज त्या वाटेनं पळतेय, आणि ती घासून जात नाही, टोपी नवीनच लागते. तुमच्या पत्रातल्या सकाळी लवकर सुरू न होण्याच्या तक्रारीवरून माझा संशय प्लगांपेक्षा डेल्कोच्या टोपीवर जास्त आहे. तरी प्लग आधी काढा, कारण कुठे पाहायचं ते तेच सांगतील. तिघांचा एकत्र फोटो मला पाठवा.

प्रश्न : माझी २००६ ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, नंतर सीएनजी किट बसवलं. गायमुखच्या चढाला सीएनजीवर झटके देते, पेट्रोलवर घेतली की सरळ चढते. किटवाला किट बदला म्हणतो. इरिडियम प्लग टाकून बघू का? मायलेज वाढतं म्हणतात.
*— वर्तकनगर, ठाणे*

उत्तर : किटला हात लावण्याआधी प्लग आणि वायरी. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढून ते आणखी वाढतं. म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली वायर सपाट रस्त्यावर, पेट्रोलवर निभावून नेते आणि गायमुखला गॅसवर उघडी पडते. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत. किटच्या पुस्तिकेत प्लगचा गॅप गाडीच्या मॅन्युअलपेक्षा कमी सांगितला असेल तर तो ठेवा, आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग पेट्रोलपेक्षा लवकर बदला.

इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड सुईसारखा, ०.४ ते ०.६ मिलिमीटरचा असतो. तिथे ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि धातू झिजतही नाही लवकर. सीएनजीला तो मानवतो, तुमच्या गाडीच्या नंबराचा मिळाला तर जरूर घ्या. नाण्यासारख्या गोल गेजनं त्याचा गॅप मोजू नका, ते टोक मोडतं. मायलेजसाठी म्हणून मात्र घेऊ नका. चांगल्या साध्या प्लगच्या तुलनेत फरक पडलाच तर तो तुमच्या हिशेबात दिसण्याएवढा नसेल.

प्रश्न : तिसऱ्या सिलिंडरचा प्लग दर महिन्याला काळा आणि तेलकट होतो. मी पॉलिश पेपरनं घासून परत लावतो, पंधरा दिवस गाडी बरी चालते. आणखी काय करता येईल?
*— कळवा*

उत्तर : घासणं आजच थांबवा. तारेच्या ब्रशनं किंवा पेपरनं घासलं की मातीवर बारीक ओरखडे आणि धातूचे कण राहतात, आणि काजळी पुढच्या वेळी आणखी लवकर धरते. प्लगचा यात दोष नाही, एकाच सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. जवळच्या गॅरेजमध्ये कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. तिसऱ्यात कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आणि कंप्रेशन मुळातच चांगलं असेल तर व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली असण्याची शक्यता जास्त. मग सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक भपकारा येतो, तो येतो का ते मागे उभं राहून बघा. सीलचं काम रिंगांच्या मानानं फार स्वस्तात होतं, त्यामुळे कोणी एकदम इंजिन खोलायला सांगितलं तर आधी कंप्रेशनचे हे आकडे कागदावर मागा.

प्रश्न : माझी गाडी डिझेल आहे. तिचेही प्लग असेच बदलायचे का?
*— कोपरखैरणे*

उत्तर : डिझेल दाबानं तापलेल्या हवेत आपोआप पेटतं, ठिणगी लागत नाही. तुमच्या गाडीत असतात ते ग्लो प्लग, थंड इंजिन सुरू करताना आतली हवा गरम करण्यासाठी. ते बारीक असतात, वर्षानुवर्षं जागेवर राहून चिकटतात आणि काढताना मोडून टोक हेडमध्ये राहतं. ते काम घरी नको.

प्रश्न : सर, तातडीनं उत्तर द्या. तुमचा जुना लेख वाचून मी प्लग काढायला घेतला. अर्धा बाहेर आला आणि अडकला. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. गाडी सोसायटीत उभी आहे, सोमवारी ऑफिसला न्यायची आहे.
*— ऐरोली*

उत्तर : तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हे आणखी कोणावर तरी येईल. पान्याला पाइप जोडून जोर लावू नका. प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल थेंब थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आधी थोडा *आवळायच्या* दिशेनं फिरवा, मग सोडायच्या. पाव फेरा मागे, तेवढाच पुढे, मध्ये पुन्हा तेल. आट्यांत अडकलेली काजळी अशी भुगा होऊन सुटते. पान्यातून करकर जाणवली की मागे या. तासाभरात हलला नाही तर थांबा आणि हेलिकॉइलचा संच असलेल्या माणसाला घरी बोलवा. तो निघाल्यावर सिलिंडरमध्ये गेलेलं तेल आणि भुगा बाहेर पडावा म्हणून, नवा प्लग लावण्याआधी भोकावर फडकं धरून आणि कॉइलची वायर काढून दोन-तीन सेल्फ मारायचे. आणि अर्ध्या आट्यांवर बसलेल्या प्लगनं गाडी ऑफिसला नेऊ नका. दाबानं तो उडून निघतो आणि उरलेले आटेही घेऊन जातो. सोमवारी ट्रेननं जा.